आगगाडीचा चालक आणि त्याची शरीरसंपदा



रात्रीच्या गाडीने आपण प्रवासाला निघतो. पथारी पसरावी, उशाशी पाण्याची बाटली ठेवावी, दिवा मालवावा आणि निश्चिंतपणे डोळे मिटावेत, हा आपला शिरस्ता. आपल्यासारखेच हजार-बाराशे प्रवासी त्या गाडीत डोळे मिटून पडलेले असतात. इतक्या माणसांनी एकाच वेळी निर्धास्त झोपावे, यासाठी गाडीच्या अग्रभागी दोन माणसांनी डोळे उघडे ठेवलेले असतात. ती दोन माणसे कोण, त्यांची नावे काय, त्यांची प्रकृती कशी आहे, असा प्रश्न आपल्या मनात सहसा येत नाही. विमानात बसताना वैमानिकाविषयी थोडे कुतूहल तरी वाटते. आगगाडीच्या चालकाचा चेहराही आपण पाहिलेला नसतो. या चालकाच्या अंगी शरीराची कोणती पात्रता असावी लागते, ती कशी पारखली जाते आणि ती टिकवण्याची जबाबदारी कोणाची, या तीन प्रश्नांचा विचार आज करावयाचा आहे.

हा विचार करण्यास छत्तीसगडमधील भिलाई हे गाव सोयीचे आहे. २ फेब्रुवारी १९५५ रोजी भारत आणि सोव्हिएत संघ यांच्यात करार झाला आणि दुर्ग शहराच्या शेजारी, भाताच्या खाचरांच्या मुलखात, पोलादाचा कारखाना उभा राहू लागला. ४ फेब्रुवारी १९५९ रोजी राष्ट्रपती डॉ. राजेंद्रप्रसाद यांच्या हस्ते त्याच्या पहिल्या झोतभट्टीचे उद्घाटन झाले. आपल्या देशातील रेल्वेच्या रुळांचा फार मोठा भाग साठ वर्षांहून अधिक काळ या कारखान्यातून येत आहे. दल्ली-राजहराच्या डोंगरातील लोहखनिज मालगाड्यांनी येथे येते आणि रूळ होऊन मालगाड्यांनीच देशभर जाते. कारखान्याला लागून मालगाड्या जुळवण्याचे मोठे यार्ड आहे, विजेच्या इंजिनांची शेड आहे, आणि मुंबई, नागपूर व हावडा यांना जोडणारा हमरस्त्यासारखा लोहमार्ग गावातूनच जातो.

महाराष्ट्राशी या मुलखाचा संबंध तर जुनाच. अठराव्या शतकात नागपूरकर भोसल्यांचे राज्य येथे होते. १९५६ सालापर्यंत दुर्ग जिल्ह्याचा कारभार नागपूर या राजधानीतून चाले. या भागातील पहिला लोहमार्गही नागपूरहूनच राजनांदगावपर्यंत आला. आजसुद्धा बिलासपूरला मुख्यालय असलेल्या दक्षिण पूर्व मध्य रेल्वेचे बिलासपूर, रायपूर आणि नागपूर असे तीन विभाग आहेत, आणि भिलाईच्या निरनिराळ्या सेक्टरांतून मराठी बोलणारी घरे आढळतात. अशा गावात घरातला मुलगा किंवा मुलगी आय.टी.आय. अथवा तंत्रनिकेतनाची पदविका घेऊन बाहेर पडली, की सहायक चालकाच्या जागेकडे तिचे डोळे लागणे स्वाभाविक आहे. पूर्वी ज्याला आपण ड्रायव्हर म्हणत होतो त्यास आता लोको पायलट म्हणतात आणि त्या शिडीची पहिली पायरी म्हणजे सहायक लोको पायलट.

चालकाच्या शरीरसामर्थ्याची जी कल्पना लोकांच्या मनात आहे ती वाफेच्या इंजिनाच्या काळातील आहे. त्या काळी ती खरीही होती. इंजिनावर चालकाच्या जोडीला फायरमन असे. धडधडत्या, हेलकावणाऱ्या पत्र्यावर पाय रोवून उभे राहायचे, फावड्याने कोळसा उचलायचा आणि भट्टीच्या तोंडातून नेमका हवा तेथे फेकायचा, हे त्याचे काम. छातीवर आगीची धग आणि पाठीवर माघाची थंडी, असे दोन ऋतू तो एकाच वेळी भोगत असे. घाट चढताना त्याच्या बाहूंत बळ नसेल तर इंजिनातही बळ उरत नसे. त्या काळी शरीरसंपदा म्हणजे स्नायू असा अर्थ सहज निघत होता.

आपल्या देशात विजेची पहिली गाडी ३ फेब्रुवारी १९२५ रोजी मुंबईच्या बोरीबंदराहून कुर्ल्यास धावली, आणि रुंद मार्गावरील वाफेच्या इंजिनांचा नियमित कारभार १९९५ साली आटोपला. या सत्तर वर्षांत फावडे गेले आणि त्याच्या जागी दांडे, कळी, दिवे आणि दर्शक आले. पाच हजार टनांच्या आसपास वजनाची मालगाडी आज बोटांच्या हालचालीने हलते. मग शरीराची परीक्षा सोपी झाली काय? येथेच या विषयातील गंमत आहे.

रेल्वेच्या रुळांवर काम करणाऱ्या कामगाराची भरती होते तेव्हा त्याला खरोखरच अंगमेहनतीची परीक्षा द्यावी लागते. पुरुष उमेदवाराला ३५ किलोचे ओझे घेऊन १०० मीटर अंतर दोन मिनिटांत, एकाच दमात, ओझे खाली न ठेवता तोडावे लागते आणि १००० मीटर अंतर सव्वाचार मिनिटांत धावावे लागते. स्त्री उमेदवाराला ओझे २० किलोचे आणि धावण्यास ५ मिनिटे ४० सेकंद. सहायक चालकाच्या निवडीत मात्र असे धावणे नाही, ओझे उचलणे नाही, छातीचा घेर मोजणेही नाही. पोलीस किंवा लष्कर यांच्या भरतीची सवय असलेल्या आपल्या मनाला हे चमत्कारिक वाटते. आखाड्यात घुमणाऱ्या तरुणाला येथे नाकारले जाऊ शकते आणि किडकिडीत अंगाचा तरुण सन्मानाने निवडला जाऊ शकतो.

याचे कारण रेल्वेच्या वैद्यकीय वर्गवारीत सापडते. तेथे कामांचे तीन मुख्य गट केलेले आहेत. ज्या कामातील चुकीने गाडीच्या आणि जनतेच्या सुरक्षिततेस धोका पोहोचतो ती कामे ‘ए’ गटात. ज्यात मुख्यतः स्वतः कामगाराच्या किंवा त्याच्या सहकाऱ्यांच्या जिवाला धोका आहे ती ‘बी’ गटात. आणि जेथे केवळ कारभाराच्या सोयीचा प्रश्न आहे ती, म्हणजे आमच्यासारख्या कागदावर जगणाऱ्यांची कामे, ‘सी’ गटात. ‘ए’ गटाचेही तीन पोटभाग असून त्यातील पहिला, ‘ए-१’, सर्वांत कडक. इंजिनावर चढणारा प्रत्येक माणूस या वर्गात मोडतो. स्टेशनमास्तर ‘ए-२’ मध्ये, म्हणजे चालकाच्या एक पायरी खाली. या वर्गवारीत माणसाच्या पदाचा मान मोजलेला नाही. त्याच्या एका क्षणाच्या चुकीवर किती प्राण अवलंबून आहेत, एवढेच मोजलेले आहे.

‘ए-१’ मध्ये पहिली परीक्षा डोळ्यांची आणि शेवटची परीक्षाही बहुतांशी डोळ्यांचीच. नोकरीत शिरताना दोन्ही डोळ्यांची दूरदृष्टी चष्म्याशिवाय ६/६ असली पाहिजे. सामान्य डोळ्याला सहा मीटरांवरून जी ओळ वाचता येते ती या उमेदवारालाही सहा मीटरांवरून वाचता आली पाहिजे, असा या आकड्यांचा अर्थ. जवळची दृष्टीही चष्म्याशिवायच हवी. लेसरच्या शस्त्रक्रियेने चष्मा घालवलेला डोळा या वर्गासाठी ग्राह्य धरला जात नाही.

याखेरीज एक परीक्षा अशी आहे की तिचे मर्म कळल्यावर ती शोधणाऱ्याच्या बुद्धीचे कौतुक वाटते. उमेदवाराच्या डोळ्यापुढे अधिक दोन क्रमांकाचे भिंग धरतात. निर्दोष डोळ्याला त्या भिंगातून दूरचे अक्षर धूसर दिसले पाहिजे. भिंगातूनही ते स्वच्छच दिसले, तर उमेदवाराला आनंद होण्याचे कारण नाही, कारण तो तेथेच नापास होतो. त्याच्या डोळ्यात दूरदृष्टितेचा दोष लपलेला आहे आणि तारुण्यातील लवचीक स्नायू तो दोष रात्रंदिवस झाकून धरीत आहेत, हे त्या भिंगाने उघड केलेले असते. आज वयाच्या पंचविशीत तो मनुष्य उत्तम पाहतो. चाळिशी येईल तेव्हा स्नायू थकतील आणि झाकलेला दोष वर येईल. रेल्वेला पस्तीस वर्षे काम करणारा डोळा हवा असतो, म्हणून ती आजच्या डोळ्यात उद्याचा डोळा पाहते.

याच्या जोडीला दोन्ही डोळ्यांनी मिळून एकच चित्र पाहण्याची शक्ती तपासतात, कारण पुढील वस्तू किती अंतरावर आहे याचा अंदाज बऱ्याच अंशी तिच्यावरच अवलंबून असतो. नजर समोर स्थिर असता कडेला किती दिसते हे पाहतात. अंधारात आणि संधिप्रकाशात कितपत दिसते, हेही पाहतात. ताशी १०० किलोमीटर वेगाने जाणारी गाडी एका सेकंदात सुमारे २८ मीटर पुढे जाते आणि भरलेल्या मालगाडीला थांबण्यास किलोमीटरभर अंतर सहज लागू शकते, ही दोन माने एकत्र ठेवली म्हणजे या काटेकोरपणाचा अर्थ उमगतो. मोटार चालवणारा संकट दिसल्यावर ब्रेक लावतो. आगगाडीच्या चालकाला संकट दिसेपर्यंत उशीर झालेला असतो. म्हणून तो संकटाकडे पाहत नाही, सिग्नलकडे पाहतो.

आणि सिग्नल म्हणजे रंग. हिरवा दिसला तर पुढे जावे, दोन पिवळे दिसले तर सावध व्हावे, एक पिवळा दिसला तर पुढच्या सिग्नलला थांबण्याच्या तयारीने जावे, आणि तांबडा दिसला तर थांबावे. शहरातल्या चौकात रंग न ओळखणाऱ्या माणसालाही वरचा दिवा तांबडा आणि खालचा हिरवा हे ठाऊक असते आणि तो निभावून नेतो. लोहमार्गावर रात्रीच्या काळोखात, किलोमीटरभर अंतरावर, दिव्याची जागा कळत नाही, कळतो तो फक्त रंगाचा एक ठिपका. हातात बत्ती धरून कोणी गाडी थांबवू लागला तर तेथे जागेचा आधार मुळीच नसतो. रंगांत गल्लत करणाऱ्या माणसाला इंजिनावर जागा नाही, याचे कारण एवढे सरळ आहे.

हे सत्य जगाला कळण्यास एक अपघात निमित्त झाला. १५ नोव्हेंबर १८७५ रोजी स्वीडन देशात लागेर्लुंडा येथे दोन गाड्या समोरासमोर आदळल्या आणि नऊ माणसे मृत्युमुखी पडली. उप्साला विद्यापीठातील शरीरशास्त्राचे प्राध्यापक फ्रिथिओफ होल्मग्रेन यांना शंका आली की, रेल्वेच्या माणसांतच कोणी रंगांध असावेत. त्यांनी लोकरीच्या रंगीत लडी घेतल्या आणि एका रेल्वेच्या २६६ नोकरांना एका लडीशी जुळणाऱ्या इतर लडी निवडण्यास सांगितले. १३ जणांना ते जमले नाही. लागेर्लुंड्याचा तो अपघात खरोखर रंगांधतेमुळेच घडला की नाही, याविषयी पुढच्या संशोधकांनी शंका घेतल्या आहेत. पण नोकरीवर घेण्यापूर्वी रंगदृष्टी तपासण्याची चाल तेव्हापासून पडली. पुढे १९१७ साली जपानी नेत्रवैद्य शिनोबू इशिहारा यांनी रंगीत ठिपक्यांत लपलेल्या आकड्यांचे तक्ते प्रसिद्ध केले. ते तक्ते आणि एड्रिज-ग्रीन या इंग्रज वैद्याच्या नावाचा दिवा, ही दोन साधने आपल्या रेल्वेच्या दवाखान्यांतही परिचित आहेत.

या दोषाचा स्वभाव भिलाईतीलच नव्हे, तर सर्वत्रच्या पालकांनी समजून घ्यावा असा आहे. तांबडा-हिरवा भेद न कळणे हा बहुधा जन्मजात दोष. आईच्या अंगी तो दिसत नाही, पण तिच्याकडून मुलाकडे येऊ शकतो. म्हणून तो पुरुषांत अधिक आणि स्त्रियांत क्वचित आढळतो. ज्याला हा दोष आहे त्याला तो ठाऊकच नसतो, कारण दुसऱ्याला जग कसे दिसते हे त्याने कधी पाहिलेले नसते. झाडाच्या पानाला सगळे हिरवे म्हणतात म्हणून तोही हिरवे म्हणतो. शाळेत तो पहिला येतो, सायकल चालवतो, क्रिकेट खेळतो, आणि कोणालाही संशय येत नाही.

आता कल्पना करा. पोलादाच्या कारखान्यात वडिलांनी आयुष्य घालवलेले, मुलाने आय.टी.आय. पुरे केलेले. दोन-तीन वर्षे अभ्यास, शिकवणीची फी, रेल्वे भरती मंडळाची एक परीक्षा, मग दुसरी, आणि एवढे झाल्यावर डोळ्यांच्या तपासणीत त्या मुलाला कळते की, हा मार्ग आपल्याला जन्मापासूनच बंद होता. त्या घरावर कोसळणारी निराशा टाळता येण्यासारखी असते, म्हणूनच ती अधिक खेदजनक. इशिहाराच्या तक्त्यांची तपासणी कोणत्याही नेत्रवैद्याकडे काही मिनिटांत होते. ती अर्ज भरण्यापूर्वी करून घ्यावी. किंबहुना दहावीनंतर व्यवसाय निवडतानाच करून घ्यावी. दोष निघालाच तर तेच तांत्रिक शिक्षण इंजिनाच्या शेडमध्ये, कार्यशाळेत किंवा कारखान्यात उपयोगी पडते. तेथील अनेक कामांची वैद्यकीय अट इतकी कडक नाही. रंगांधता हा कमीपणा नव्हे. सर्वांना सर्व वाटा खुल्या नसतात, एवढाच तिचा अर्थ.

डोळ्यांनंतर मन. डोळ्याने तांबडा दिवा पाहिला, पण मनाने त्याची दखल घेतली नाही, तर पाहिल्याचा उपयोग काय? १९६२ साली पंडित हृदयनाथ कुंझरू यांच्या अध्यक्षतेखाली रेल्वे अपघातांचा विचार करणारी समिती नेमली गेली. नामदार गोखल्यांनी पुण्यात स्थापन केलेल्या भारत सेवक समाजाचे हे कुंझरू अध्वर्यू, म्हणून मराठी श्रोत्यांना त्यांचे नाव परके नाही. अपघातांच्या मुळाशी यंत्राइतकाच माणूस असतो, हे ओळखून चालकांची मानसिक पात्रता शास्त्रीय रीतीने पारखण्याचा उपक्रम त्या दशकात सुरू झाला. लखनौ येथील रेल्वेच्या संशोधन व मानक संस्थेने त्यासाठी चाचण्या तयार केल्या.

आज सहायक चालकाच्या उमेदवाराला संगणकावर अशा पाच चाचण्या द्याव्या लागतात. पाहिलेले लक्षात ठेवणे, सूचना अचूक पाळणे, खोलीचा व अंतराचा अंदाज घेणे, चित्त एकाग्र ठेवणे आणि बारकावे झटपट टिपणे, हे पाच गुण त्यांत मोजतात. प्रत्येक चाचणीत किमान ४२ प्रमाणित गुण मिळवावेच लागतात. एकीत पहिले येऊन दुसरीतली उणीव भरून काढता येत नाही, आणि कोणत्याही प्रवर्गाला येथे सवलत नाही. ४ नोव्हेंबर २०२५ रोजी बिलासपूरजवळ एक मेमू गाडी पुढे उभ्या असलेल्या मालगाडीवर मागून आदळली आणि चालकासह अनेकांचे प्राण गेले. त्यानंतर प्रवासी गाडीच्या चालकाच्या या मानसिक चाचणीचा प्रश्न देशभर चर्चेत आला. ज्या चाचणीकडे उमेदवार एक अडथळा म्हणून पाहतो, ती चाचणी वस्तुतः प्रवाशाचे कवच आहे, हे अशा दिवशी सर्वांना कळते. मात्र ते त्या दिवसाआधी कळलेले बरे.

मग स्नायूंना काहीच काम उरले नाही काय? तसेही नाही. भरतीत धावावे लागत नाही, पण कामात धावण्याची वेळ येते, आणि ती सांगून येत नाही. समजा, गाडी अचानक घसरली आणि शेजारच्या मार्गावर आडवी आली. त्या मार्गाने दुसरी गाडी येत असेल तर ती थांबवलीच पाहिजे. नियम असा आहे की, धोक्याची खूण दाखवीत त्या दिशेला जावे. रुंद मार्गावर ६०० मीटरांवर रुळाला एक फटाका लावावा, १२०० मीटरांवर दहा-दहा मीटरांच्या अंतराने तीन फटाके लावावेत. येणारे इंजिन त्या फटाक्यांवरून गेले की मोठा आवाज होतो आणि त्याचा चालक सावध होतो. हे १२०० मीटर डांबरी रस्त्यावरचे नसतात. ते पायाखाली सरकणाऱ्या खडीवरचे असतात, बहुधा रात्रीचे, कधी पावसातले, आणि छातीत धसका भरलेला असताना तोडायचे असतात. शिवाय ५८ वाघिणींची मालगाडी सहाशे मीटरांहून लांब असते. वाटेत ब्रेकच्या नळीतील हवा कोठे गळत असेल तर सहायक चालकाला उतरून, गाडीच्या कडेने चालत, दोष शोधावा लागतो आणि इंजिनाच्या उभ्या शिडीवरून पुन्हा वर चढावे लागते. गुडघा, पाठ आणि दम या तिघांचीही त्यात कसोटी लागते. म्हणून ज्याला हे काम करावयाचे त्याने रोज चालण्या-धावण्याचा परिपाठ ठेवला पाहिजे, मग तो परीक्षेच्या पत्रकात लिहिलेला असो वा नसो.

पण या व्यवसायाची सर्वांत अवघड मागणी वेगळीच आहे. ती आहे झोपेची. गाड्यांना दिवस-रात्र नसते, म्हणून चालकालाही नसते. आज पहाटे तीनला बोलावणे येते, परवा दुपारी एकला, तेरवा रात्री अकराला. आपले शरीर मात्र सूर्याच्या घड्याळाला बांधलेले. रात्री दोन ते पहाटे पाच या वेळात ते सर्व बाजूंनी झोपेकडे ओढ घेते. इच्छाशक्तीने झोप जिंकता येते, ही समजूत धोक्याची आहे, कारण डोळे उघडे असतानाही मन क्षणभर विझू शकते. म्हणून चालक आणि त्याचा सहायक प्रत्येक सिग्नलचा रंग एकमेकांना मोठ्याने सांगतात. ही पोपटपंची नव्हे. एकाचे मन विझले तर दुसऱ्याच्या आवाजाने ते पुन्हा पेटावे, अशी ती युक्ती आहे. इंजिनातही एक यांत्रिक पहारेकरी असतो. चालकाने साठ सेकंदांत कोणतीही कळ हलवली नाही तर दिवा लुकलुकतो, त्यानेही काही घडले नाही तर भोंगा वाजतो, आणि तरीही हात हलला नाही तर गाडीला आपोआप ब्रेक लागतो.

विश्रांतीविषयीही नियम आहेत. आठ तास वा त्याहून अधिक काम करून चालक आपल्या मुख्य ठाण्यावर परतला की त्याला सोळा तासांची विश्रांती मिळावी, असा दंडक आहे. पण दंडक कागदावर असतो आणि झोप घरात. दोन खोल्यांच्या घरात भरदुपारी मुले खेळत असतात, दूरचित्रवाणी चालू असते, पाहुणे येतात आणि “दिवसाढवळ्या कसला झोपतोस?” असे कोणीतरी विचारतेच. चालकाच्या कुटुंबाने त्याची दुपारची झोप सांभाळणे हा गाडीच्या सुरक्षिततेचाच एक भाग आहे, असे मी म्हटले तर ती अतिशयोक्ती समजू नये. तीच गोष्ट आहाराची. अवेळी खाणे, तासन् तास बसणे, चहावर चहा पिणे आणि लघवीला जाता येत नाही म्हणून पाणीच न पिणे, यांतून रक्तदाब, मधुमेह आणि मूत्रमार्गाचे विकार येतात. अलीकडे इंजिनांत वातानुकूलन आणि स्वच्छतागृहे बसवली जाऊ लागली आहेत. हे काम किती लवकर पुरे होईल यावर पुष्कळांचे आरोग्य अवलंबून आहे. स्त्री चालकांच्या दृष्टीने तर ही सोय चैनीत मोडतच नाही.

स्त्रियांचा उल्लेख आला की साताऱ्याच्या श्रीमती सुरेखा यादव यांची आठवण होणे अपरिहार्य आहे. कराडच्या शासकीय तंत्रनिकेतनात विद्युत अभियांत्रिकीची पदविका घेऊन, कल्याणच्या प्रशिक्षणशाळेत शिकून, १९८० च्या दशकाच्या अखेरीस त्या सहायक चालक झाल्या. आशियातील पहिली स्त्री रेल्वेचालक म्हणून त्यांचे नाव झाले. त्यांनी मालगाड्या चालवल्या, उपनगरी गाड्या चालवल्या, ८ मार्च २०११ रोजी पुण्याहून मुंबईस डेक्कन क्वीन नेली, १३ मार्च २०२३ रोजी सोलापूरहून मुंबईस वंदे भारत नेली आणि सप्टेंबर २०२५ अखेर त्या निवृत्त झाल्या. बोरघाटाचा उतार स्त्री आणि पुरुष असा भेद करीत नाही. तो फक्त हातातला ब्रेक आणि डोक्यातला निर्णय ओळखतो. फावड्याच्या काळात जे दार बंद वाटत होते ते दक्षतेच्या काळात उघडले, याचा अर्थ पात्रता उतरली असा नाही. खरी पात्रता कोणती हे आपल्याला उशिरा उमगले, एवढेच.

शेवटचा मुद्दा थोडा नाजूक आहे. भरतीच्या दिवशी मिळालेले ‘ए-१’ चे प्रमाणपत्र जन्मभराचे नसते. ४५ वर्षे वयापर्यंत दर चार वर्षांनी, ५५ पर्यंत दर दोन वर्षांनी आणि त्यानंतर निवृत्तीपर्यंत दरसाल चालकाची पुन्हा वैद्यकीय तपासणी होते. वयानुसार ठराविक मर्यादेत चष्म्याची मुभा मिळते. अशा चालकाने कामावर जाताना चष्म्याची दुसरी जोडही जवळ ठेवायची असते. पण कोणाचा मधुमेह आटोक्याबाहेर जातो, कोणाला फीट येते, कोणाच्या हृदयाचा ताल बिघडतो. मग इंजिन सोडावे लागते. ज्याने पंचवीस वर्षे गाडी हाकली त्याला टेबलापाशी बसवले की त्याच्या मानाला ठेच लागते, भत्ते जातात, घरचे गणित बिघडते. म्हणून काही जण आजार लपवतात, बाहेरच्या वैद्याचे औषध गुपचूप घेतात आणि तपासणीच्या आठवड्यात गोड खाणे सोडून वेळ मारून नेऊ पाहतात.

कायद्याने या भीतीवर उतारा दिलेला आहे. सेवेत असताना अपंगत्व आलेल्या सरकारी नोकराला कामावरून काढता येत नाही वा त्याची श्रेणी उतरवता येत नाही. तो मूळ पदास अपात्र ठरला तर त्याच वेतनश्रेणीचे दुसरे पद त्याला द्यावे लागते, अशी तरतूद १९९५ च्या अपंग व्यक्तींच्या कायद्यात होती आणि २०१६ च्या नव्या कायद्यातही आहे. शासनाच्या सेवेत वर्षे काढलेला मनुष्य म्हणून मला वाटते की, ही तरतूद प्रत्येक चालकाला नोकरीच्या पहिल्याच दिवशी समजावून सांगितली पाहिजे. आजार उघड करणाऱ्याला शिक्षा होत नाही, अशी खात्री ज्या खात्यात असेल तेथेच माणसे खरे बोलतात. भीती असेल तेथे तपासणीचा तक्ता तेवढा निर्दोष राहतो, धोका मात्र तसाच इंजिनावर चढतो.

तेव्हा या व्यवसायाकडे वळणाऱ्या तरुणांनी डोळ्यांची आणि रंगदृष्टीची तपासणी सर्वांत आधी करून घ्यावी. अभ्यासाच्या वह्यांबरोबर चालणे, धावणे आणि वेळेवर झोपणे यांचीही सवय लावावी. आणि नोकरी लागल्यावर आपल्या शरीराविषयी कधी खोटे बोलू नये. चालकाचे शरीर हे काही प्रमाणात सार्वजनिक ठेवीसारखे आहे. त्यात हजारो प्रवाशांचा विश्वास जमा केलेला असतो. पण ठेव सांभाळणाऱ्याला तिजोरीही भक्कम द्यावी लागते. पुरेशी विश्रांती, शांत निजण्याची खोली, इंजिनातल्या किमान सोयी आणि आजारपणात मानाने दुसरे काम, एवढे देणे आपल्याकडे लागते. भिलाईचे पोलाद रूळ होण्यापूर्वी कसून तपासले जाते, आणि रूळ अंथरल्यावरही त्याला कोठे तडा जात नाही ना, हे पुनःपुन्हा पाहिले जाते. रुळावरून गाडी नेणाऱ्या माणसाची तपासणी आणि निगा याहून कमी आस्थेने होता कामा नये.